ओसरी ते माजघर, व्हाया आभाळ

सरळ हातानं नाक धरायचं सोडून, मानेमागून हात फिरवून ते धरण्याला आपल्या पूर्वजांनी द्राविडी प्राणायाम असं नाव देऊन ठेवलं आहे. मुद्दाम नाव ठेवावं लागलं, म्हणजे त्या काळीही हा उद्योग करणारी मंडळी पुष्कळ असणार. पण त्यांचा हात निदान स्वतःच्या मानेमागूनच फिरत असे. हल्लीचा हात घराबाहेर पडतो, रस्त्यावरच्या खांबावर चढतो, नागपूर करतो, मुंबई करतो, लहर लागली तर समुद्राखालून सिंगापूरलाही जाऊन येतो आणि मग परत येऊन आपलंच नाक धरतो. या प्रकाराला 'क्लाउड' म्हणतात. आणि याला नावं ठेवणाऱ्याला म्हातारा म्हणतात.

प्रश्न साधा आहे. ओसरीवरच्या कॉम्प्युटरमधली एक वस्तू माजघरातल्या कॉम्प्युटरमध्ये न्यायची आहे. मध्ये एक भिंत आणि एक उंबरठा. अंतर बारा पावलं, त्यात जोडे काढण्याची दोन. आता कुणाही जाणत्या माणसाला विचारा. (जाणता म्हणजे वय वर्षं पंधरा ते पंचवीस.) तो मान वर न करता सांगेल, "क्लाउडवर टाका नं काका, अन् तिकडून उतरवून घ्या." जटपुरा गेटवरून गांधी चौकात निघालेल्या माणसाला "आधी नागपूरला जा, तिथून परतीची गाडी मिळते" असं कुणी सांगितलं, तर आमच्या चंद्रपुरात त्याला जाणता म्हणण्याची पद्धत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आहे. माझं भांडण नेमकं इथं आहे.

नुसतं हवेत भांडत नाही, उदाहरण देतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी उलटली, धान घरात आलं, की गावोगाव मंडई भरते आणि नाटकं सुरू होतात. वडसा देसाईगंज हे या नाटकांचं मुख्य ठाणं. २०२३ साली गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या पुष्कळांना कळलं की असंही एक नाटक महाराष्ट्रात चालतं. हे नाटक रात्री जेवणं झाल्यावर उभं राहतं आणि कोंबडं आरवल्यावर बसतं. मध्ये चहा असतो, झोप नसते.

तर आमच्या हिचे थोरले भाऊ या नाटकांत कामं करीत. बहुधा खाष्ट सासऱ्याचं. खऱ्या आयुष्यात अत्यंत गरीब माणूस, पण रंगमंचावर असे काही गरजत की पुढच्या रांगेतली लेकरं रडायची. ते गेले. त्यांच्या मागे त्यांच्या एका नाटकाचं चित्रण तेवढं राहिलं. वडशाकडच्या एका ओळखीच्या पोरानं ते चांगल्या कॅमेऱ्यानं सबंध रात्र जागून केलं होतं. सहा तासांचं नाटक, ६० जीबी वजन. तो पोरगा एकदा लॅपटॉप घेऊन मुक्कामाला आला. रात्रीचे नऊ वाजलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला चांदा फोर्ट स्टेशनावरून वडशाची गाडी धरायची होती. म्हणजे त्या नाटकाला ओसरीवरून माजघरात यायला एक रात्र होती.

घरात सल्लागारांची वाण नसते. पहिला सल्ला अर्थात आभाळाचा. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कॉम्प्युटर असलेल्या घरात कागद-पेन्सिल घेऊन बसणं हा आता असभ्यपणा मानतात, पण हिशेब असा निघाला. आमच्या घरचा इंटरनेटचा वेग वर जाताना सेकंदाला २० मेगाबिट आणि खाली येताना ४०. यातली मेख बिट या शब्दात आहे. कंपनी वेग सांगते बिटांत आणि कॉम्प्युटर फायलीचं वजन सांगतो बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे विकणारा शेरानं मोजतो, घेणारा पायलीनं, आणि दोघंही खरं बोलतात! व्यापारातली ही युक्ती आपल्याकडच्या बाजारांतही होती, पण तिथं निदान भांडता येत असे. तर ६० जीबी वर चढायला सहा तास चाळीस मिनिटं आणि खाली उतरायला तीन तास वीस मिनिटं. बेरीज दहा तास. सकाळचे सात. गाडी त्याआधीच गेलेली. शिवाय खात्यात फुकटची जागा १५ जीबी, बाकीच्यासाठी महिन्याचं भाडं. आपलं नाटक, आपली भिंत, आपला उंबरठा, आणि पलीकडे जायचं भाडं तिसऱ्याला!

दुसरा सल्ला पेनड्राइव्हचा. ही वस्तू मला मनापासून आवडते, कारण ती हातात धरता येते. पण घरात होती ती ३२ जीबीची, म्हणजे दोन खेपा. त्यातही नाटकाचा एकेक अंक म्हणजे १५ जीबीची एकेक सलग फाइल. पेनड्राइव्हनं ती घ्यायला साफ नकार दिला. जागा रिकामी, पण घेणार नाही! एसटीच्या कंडक्टरची आठवण झाली. कारण मात्र खरं असतं. बहुतेक पेनड्राइव्ह दुकानातून येतात ते फॅट-३२ नावाच्या जुन्या मांडणीत, आणि त्या मांडणीत एका फायलीला ४ जीबीच्या वर वाढायची परवानगी नाही. मांडणी बदलता येते. मात्र त्यासाठी सहसा आतलं सगळं आधी पुसावं लागतं, आणि घरातल्या पेनड्राइव्हमध्ये नेहमी दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न असतं.

तिसरा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपचा. त्यावर व्हिडिओ म्हणून काही पाठवलं की ते आधी पिळून काढतात. नातेवाइकांकडे एक तुकडा असा गेलेलाच होता. त्यात दादांचा चेहरा म्हणजे मच्छरदाणीआडचा माणूस, आणि ज्या आवाजानं लेकरं रडायची तो आवाज डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखा. आमच्या हिनं तो एकदा ऐकला आणि फोन पालथा घातला. लग्नातली केळवणं, वाढदिवसाचे केक पिळून निघाले तर कुणाचं काही जात नाही. पण गेलेल्या माणसाचा आवाज एकदाच पिळला जातो, त्यानंतर त्यात पाणी घालून तो पूर्ववत होत नाही.

चौथा सल्ला वायफायचा. हा त्यातल्या त्यात शहाणा, कारण यात वस्तू घराबाहेर जात नाही. पण वायफाय म्हणजे हवेतून बोलणं. लॅपटॉप राउटरला ओरडून सांगतो, राउटर तेच पुन्हा माजघरातल्या कॉम्प्युटरला ओरडून सांगतो. एकाच हवेत एकच गोष्ट दोनदा सांगायची, तेव्हा वेग तिथंच अर्ध्यावर येतो. वर आमच्या जुन्या घराची भिंत हातभर जाडीची. ४८ अंशांच्या चंद्रपुरी उन्हाला अडवायला बांधलेली भिंत वायफायला पाहुणा म्हणून सोडत नाही. सेकंदाला चार एमबी कसेबसे पलीकडे पोचत होते. म्हणजे चार तासांच्या वर.

आणि या चौघांच्या मधोमध, कोपऱ्यात गुंडाळी करून, कुणीही न विचारलेली ती बसलेली असते. तार! साधी, निळी, पंधरा मीटरची, चारशे रुपयांच्या आतली तार.

तारेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७३ साली कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ नावाच्या तरुण इंजिनिअरसमोर नेमका आमचाच प्रश्न होता. एकाच इमारतीत पुष्कळ कॉम्प्युटर आणि एक छपाईयंत्र, यांनी आपापसांत देवघेव कशी करायची? त्यातून त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ईथरनेट काढलं. (त्याच १९७३ साली इकडे भामरागडजवळ हेमलकशाला बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. वर्ष एकच, अडचणी जरा निराळ्या.) मुद्दा असा, की तार जन्मली तीच मुळी या खोलीतलं त्या खोलीत न्यायला. जगभरचं इंटरनेट घरोघर पोचलं ते कितीतरी नंतर. आणि आज कालच्या सुनेनं सासूला विचारावं तसं इंटरनेट तिला विचारतं, "तुम्ही इथं कशाला?"

आजची साधी तार सेकंदाला १००० मेगाबिट नेते. आठानं भागा. १२५ एमबी. वाटेतला खर्च-वेच वजा जाता ११० तरी हातात पडतात. आमचं ६० जीबींचं नाटक तेवढ्या वेगानं दहा मिनिटांच्या आत माजघरात येतं. दहा तास आणि दहा मिनिटं! मध्ये राउटर असला तर उत्तम, नसला तर तार थेट या कॉम्प्युटरमधून त्या कॉम्प्युटरमध्ये लावली तरी चालतं. राउटर आणि कॉम्प्युटरचं भोक हजाराचं आहे की जुनं शंभराचं, एवढं मात्र बघून घ्यावं. (हल्लीच्या काही लॅपटॉपना हे भोकच नसतं. ते इतके बारीक झाले आहेत की उपयोगाच्या गोष्टी त्यांच्या अंगात मावत नाहीत. त्यासाठी एक जोडतुकडा मिळतो, तो घ्यावा.)

मात्र तारेलाही आपल्याकडे शत्रू आहेत, आणि ते घरात येऊन पैसे घेऊन जातात. ईथरनेटच्या तारेच्या पोटात आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. शंभर मेगाबिटच्या जुन्या वेगाला त्यांतल्या चार पुरत. हजाराला आठही लागतात. आमच्याकडे टोकं बसवायला जो कारागीर आला, त्यानं चार तारा बसवल्या आणि चार कातरून टाकल्या. मी म्हटलं, "बाकीच्या चार?"

"त्या एक्स्ट्रा असते नं भाऊ."

"एक्स्ट्रा कशा असतील? कंपनीनं फुकट का घातल्या?"

"काहून टेन्शन घेता जी! नेट चालते का नाही? मंग?"

हे 'मंग?' फार घातक आहे. कारण नेट चालतं. चार तारांवर काम होतं, फक्त दशांश वेगानं, आणि यंत्र त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. घरात आठ माणसं, चौघं राबतात, चौघं झोपतात, आणि संसार चालला आहे म्हणून कुणी विचारत नाही, त्यातला हा प्रकार. अशा तारेवर आमच्या नाटकाला दीड तास लागला असता. मी त्या गृहस्थांना आठही तारा बसवायला लावल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते पेन्शनीत निघालेल्या मास्तरांकडे पाहावं तसं.

नाटक नऊ मिनिटं काही सेकंदांत माजघरात आलं. पोरानं चहा पिऊन होईपर्यंत. ते तपासायलाही साधन असतं. आरसिंक नावाचा एक प्रोग्रॅम १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांनी लिहिला. तो जुन्या सावकाराच्या दिवाणजीसारखा दोन्हीकडच्या वह्या ताडून पाहतो, जे पोचलं नाही तेवढंच पुन्हा पाठवतो, आणि मध्येच वीज गेली तर पहिल्यापासून सुरू करीत नाही. आमच्याकडची वीज ज्यांना ठाऊक आहे, ते या प्रोग्रॅमला नमस्कार करतील. तो फुकट आहे. बहुधा म्हणूनच त्याची जाहिरात कुणी करीत नाही.

आता कुणी म्हणेल, तुमचं नाटक आलं, विषय संपला. संपला नाही. तो तिथं सुरू होतो.

आपल्या लोकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे की घरातलं जाळं म्हणजेच इंटरनेट. नेट गेलं की राउटर बंद करून टाकतात, जणू नळाला पाणी नाही म्हणून माठही उपडा करायचा. अहो, बाहेरचं नेट गेलं तरी घरातलं जाळं जिवंत असतं. तार घरची, दोन्ही टोकं घरची, त्यांना मुंबईची परवानगी लागत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा प्रसिद्ध आहे: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. त्या गावानं नुसती घोषणा दिली नाही, २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क कागदावर मिळवून दाखवला. एका लहानशा गोंड गावाला जे समजलं, ते आम्हा शिकल्यासवरलेल्यांना आमच्याच बारा पावलांच्या घरात समजू नये?

आणि घराचं सोडा, हा सगळा मुलूखच बघा. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा, बराचसा जंगलानं झाकलेला. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटल्याची बातमी आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. जिथं पावसाळ्यात माणूस पलीकडे जाऊ शकत नाही, तिथं प्रत्येक गोष्ट 'ऑनलाइन करा' म्हणून सांगणारे लोक नकाशा बघत नसावेत. मास्तरांनी धडा आभाळातून उतरवायचा, आणि शेजारच्या वर्गाला तोच धडा हवा असेल तर त्यांनी तोच पुन्हा आभाळातून उतरवायचा. एक विहीर, चाळीस घागरी, आणि प्रत्येक घागर वेगळ्या दोरानं!

सरळ मार्ग नाही असं नाही. किविक्स नावाची सोय २००७ पासून आहे. ती अख्खा विकिपीडिया एका फायलीत बांधून देते. इंग्रजीचा सबंध, चित्रांसकट, शंभर जीबीच्या आसपास. मराठीचा त्यापुढं अगदीच पोरगा. ही फाइल उन्हाळ्यात एकदा हार्ड डिस्कवर घालून पिशवीतून न्यावी, शाळेतल्या एका कॉम्प्युटरवर उतरवावी आणि तारेनं बाकीच्यांना जोडावी. मग पर्लकोटा किती का चढेना, पोरांचं वाचन अडत नाही.

पिशवीला हसू नका. मोठी वस्तू हातानं नेण्यात कमीपणा मानायचा ही रीत फक्त आपली, मोठ्यांची नाही. ताडोब्यात आणि देशभरच्या जंगलांत वाघ मोजायला कॅमेरे बांधतात. २०१८ च्या गणनेत ते २६,८३८ ठिकाणी लावले होते आणि त्यांनी ३,४८,५८,६२३ फोटो काढले. त्यांत वाघांचे ७६,६५१. हे कॅमेरे फोटो ठेवतात ते पोटातल्या नखाएवढ्या कार्डांवर, आणि ती कार्डं माणसं जंगलात पायी जाऊन काढतात. वाघाच्या वाटेवरून चालत जाणारा वनरक्षक हा माझ्या मते देशातला सर्वांत धाडसी डेटा-ट्रान्सफर आहे. २००९ साली दक्षिण आफ्रिकेत विन्स्टन नावाच्या एका कबुतराच्या पायाला ४ जीबीचं कार्ड बांधून त्याला डर्बनजवळ सुमारे ऐंशी किलोमीटर उडवलं. ते साधारण तासाभरात पोचलं. कार्डातलं सगळं उतरवून होईपर्यंत दोन तास झाले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून त्याच फायलीचा जेमतेम चार टक्के माल पोचला होता. कबुतराला पुढे बढती मिळाली की नाही, माहीत नाही. आणि सगळ्यांत कडी म्हणजे, ज्या अ‍ॅमेझॉननं जगाला क्लाउड भाड्यानं दिला, तिनंच २०१६ साली गिऱ्हाइकांचा डेटा क्लाउडपर्यंत नेण्यासाठी काय काढलं? ट्रक! पंचेचाळीस फुटी कंटेनरचा! आभाळवाल्यांनाही जड माल रस्त्यानंच न्यावासा वाटला. तो ट्रक २०२४ च्या सुमारास बंद झाला, पण कबुली ती कबुली.

माझं आभाळाशी वैर नाही, हे स्पष्ट सांगतो. मुलगी पुण्याला, नात परदेशी, तिथं काही पाठवायचं तर आभाळच हवं. मी काही बंगलोरपर्यंत तार ओढा म्हणत नाही. घर जळेल, चोरी होईल, वीज पडेल, म्हणून मोलाच्या वस्तूची एक प्रत घराबाहेर असावी, हेही खरं. दादांच्या नाटकाची तशी प्रत आम्ही सावकाश, आठवडाभर रात्री-रात्री वर चढवली. पण ती प्रत म्हणजे बँकेतलं लॉकर. रोजचा चहा प्यायला कपबशी लॉकरमधून आणत नाहीत.

तेव्हा सल्ला देणाऱ्या तमाम जाणत्यांना एवढीच विनंती. तोंडातून क्लाउड हा शब्द काढण्याआधी दोन प्रश्न विचारा: वस्तू आहे कुठं, आणि जायची कुठं? दोन्हींचं उत्तर एकाच छपराखाली निघालं, तर गप्प बसून तार शोधा. आणि टोकं बसवणारा आला की शेजारी उभं राहून मोजा. आठ. चार झाल्या आणि तो "मंग?" म्हणाला, तर त्याला सांगा, "मंग उरलेल्या चारही बसव बाप्पा, पैसे आठाचे दिले."